पत्रिका नको, प्लगिन दाखवा

आमच्या ऑफिसात काही म्हणून टिकत नाही. चहापत्ती टिकत नाही, एसीचा रिमोट टिकत नाही, चांगलं पेन तर दुपारचा डबा बघत नाही. किस्से तेवढे टिकतात. एखादी भानगड होते, आम्ही एकमेकांवर ओरडतो, कशीबशी निस्तरतो, आणि दुसऱ्या दिवशी डबे उघडले की तीच भानगड लोणच्यासारखी मध्ये येऊन बसते. मग कोणीतरी म्हणतं, "माधवीताई, तुम्हीच सांगा ना परत!" मी सांगते. माझं तोंड तसंही कुठे बंद असतं!

ऑफिस म्हणजे डोंबिवली पूर्वेला, एका पोळीभाजी केंद्राच्या डोक्यावर दोन खोल्या. आम्ही चौघं. मालक शेखरदादा, डेव्हलपर निलेश, डिझाइनवाली स्नेहल, ती आंबिवलीहून येते, आणि मी. माझ्याकडे टेस्टिंग आणि सपोर्ट. म्हणजे प्लगिन बाहेर जायच्या आधी मी शिव्या घालायच्या आणि बाहेर गेल्यावर मी शिव्या खायच्या.

प्लगिन म्हणजे काय ते माहीत नसेल तर लाजू नका, आमच्या घरच्यांनाही माहीत नाही. वेबसाइट असते ना, तिला एखादं जास्तीचं काम शिकवणारा तुकडा, म्हणजे प्लगिन. आमचा तुकडा कार्यक्रमांचं कॅलेंडर दाखवतो. एखाद्या मंडळाने तो आपल्या वेबसाइटवर बसवला की तारखा, नावनोंदणी, आठवणीच्या ईमेल, सगळं आपोआप. आपोआप असं आम्ही म्हणतो. पुढे ऐका.

*

निलेश कोपरच्या पलीकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. वडील अजून होडी काढतात, आई पश्चिमेला मासळी बाजारात बसते. पोरगा इंजिनीअर झाला याचा आईला कोण अभिमान! फक्त 'प्लगिन' हा शब्द काही तिच्या जिभेवर बसेना. तिने त्याचा 'पलंग' केला.

बाजारात कोळंबी निवडता निवडता ती गिऱ्हाइकांना सांगायची, "माजा बाला पलंग बनवतंय. कंप्युटरवर!"

लोकांना वाटलं, आजकाल डिझाइन कंप्युटरवरच करतात, असेल.

एका दुपारी एक नवराबायको आमचे जिने चढून वर आले. बाईंच्या हातात मेजर टेप. म्हणाल्या, "मावशींनी पाठवलंय, मासळी बाजारातल्या. आम्हाला डबल हवाय. स्टोरेजवाला मिळेल का?"

शेखरदादा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला. वर न बघता म्हणाला, "मिळेल की! स्टोरेज किती जीबी?"

*

आता मुख्य माणूस. दातारकाका.

निलेश आणि रुचा ठाण्याला कॉलेजात एकत्र होते, तेव्हापासूनचं त्यांचं जमलेलं. रुचा फिजिओथेरपिस्ट, राहायला पूर्वेलाच, आमच्या ऑफिसपासून चालत जाता येईल इतक्या जवळ. तिचे बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत जन्मभर क्वालिटी कंट्रोलला होते. आता रिटायर होऊन ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सेक्रेटरी.

रुचाने घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "भेटायला बोलव."

निलेश इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि आम्ही तिघं ऑफिसात नखं खात बसलो. कोळ्याचा मुलगा, दातारांची मुलगी. तोंडाने कोणी बोलत नव्हतं, पण डोक्यात सगळ्यांच्या तेच.

आला तो खुर्चीत कोसळला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पोहे दिले."

"अरे पुढे!"

"म्हणाले, जातीपातीचं मला काही नाही. पत्रिकाही मी मानत नाही. पण तुम्ही नक्की काय काम करता ते मला कळलेलं नाही, आणि तपासल्याशिवाय मी आयुष्यात एक नट बाहेर सोडलेला नाही. पत्रिका नको, तुमचं प्लगिन दाखवा. मंडळाच्या वेबसाइटवर वापरून बघतो, मग सांगतो."

स्नेहल टाळ्या पिटायला लागली. "भारी ना! मतलब हो-च आहे!"

"किंवा नाही म्हणायची सभ्य पद्धत आहे," निलेश म्हणाला. मग थोड्या वेळाने माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, पळून जाऊन लग्न उद्या होईल. रुचा तयार आहे. पण तिचं बाबांशिवाय पान हलत नाही. तिने त्यांना तोडून यावं असं मला नकोय. त्यांनी हो म्हणायला हवं."

मी म्हटलं, म्हणतील. तेवढं बोलणं सपोर्टमध्येच येतं.

*

काकांची पहिली ईमेल अर्थातच सपोर्टला आली. वर 'सप्रेम नमस्कार', खाली 'कळावे'. इथे एक सांगायला हवं. प्लगिनच्या मराठी भाषांतराचं काम स्नेहलकडे होतं, आणि स्नेहलने ते मशिनला देऊन टाकलेलं. 'सेव्ह' या बटणाचं मशिनने केलं होतं 'वाचवा'.

काकांनी लिहिलं, "आपल्या प्लगिनमध्ये 'वाचवा' असे तांबडे बटण आहे. कोणाला वाचवायचे ते लिहिलेले नाही. मी दाबले आहे. आपल्याकडे सर्व ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी, "सहलीसाठी नाव नोंदवणाऱ्या सभासदांना शेवटी 'शरण या' असे सांगण्यात येते. आमच्या एक ज्येष्ठ सभासद विचारत आहेत, कोणाला?" हे 'सबमिट'.

तिसऱ्या दिवशी तर कहर. सूचना बंद करायची फुली असते ना, 'डिसमिस'? तिच्यावर मशिनने लिहिलं होतं 'बडतर्फ करा'. काकांनी लिहिलं, "नोकरीत असताना मी एकाही माणसाला बडतर्फ केले नाही. येथे रोज सकाळी करावे लागते. मनाला बरे वाटत नाही."

निलेशने डोकं धरलं. स्नेहल रडकुंडीला आली. "ताई, इसकी शादी मेरी वजह से अटकेगी!"

"अटकेगी नाही, बस आणि एकेक शब्द नीट कर," मी म्हटलं. बसली बिचारी. आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना फोन करून करून तिने सगळी बटणं माणसात आणली. आम्ही नवं व्हर्जन सोडलं आणि काकांना कळवलं.

उत्तर आलं, "'जतन करा' हे निर्दोष आहे. मात्र 'वाचवा' होते तेव्हा सभासद अधिक तत्परतेने दाबत असत."

*

सहलीची तारीख बदलली. काकांनी नवी टाकली, पण पानावर जुनीच दिसत होती. त्यांनी विचारलं, आणि मी सवयीने तीच ओळ चिकटवली जी दिवसभर सगळ्यांना चिकटवते, "कृपया कॅश क्लिअर करून पाहावी."

दोन दिवस काही नाही. मग ईमेल आली.

"मंडळाची कॅश आमच्या खजिनदारांकडे असते. ती क्लिअर करण्यासाठी कार्यकारिणीची मंजुरी लागेल. विषय सभेपुढे ठेवला होता. खजिनदार दुखावले आहेत. माझ्यावर विश्वास नसेल तर कपाटाच्या किल्ल्या घ्या, असे म्हणून ते उठून गेले. सहल तोंडावर आहे. मार्ग सुचवावा."

मी ताबडतोब फोन लावला. म्हटलं, "काका, ती कॅश नाही हो! पान पटकन उघडावं म्हणून ब्राउझर जुनी प्रत स्वतःजवळ ठेवून घेतो. त्या साठ्याला आम्ही कॅश म्हणतो. तो पुसा एवढंच म्हणत होते मी."

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते अगदी कुतूहलाने म्हणाले, "म्हणजे बाहेर नवं काय झालंय ते न बघता आपल्याजवळचं जुनंच पुन्हा पुन्हा दाखवतो तो?"

"हो, तसंच."

"मग त्याला मंडळाचा सभासद करून घ्यायला हरकत नाही."

*

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कोडमध्ये बदल केला की सोबत एक ओळ लिहायची, काय बदललं आणि का. तिला कमिट मेसेज म्हणतात. आमचा कोड सगळ्यांसाठी खुला असल्यामुळे या ओळी जगात कोणीही वाचू शकतं. वाचत मात्र कुत्रंही नाही, म्हणून डेव्हलपर तिथे मन मोकळं करतात.

काका वाचत होते. अगदी पहिल्या दिवसापासूनच्या! पत्रिका न मानणारा माणूस निलेशची ही कुंडली मांडून बसला होता.

मला फोन. "माधवीताई, 'तारीख नीट केली' असं आहे. मग 'तारीख खरंच नीट केली'. मग 'आता तरी'. मग 'आईशप्पथ शेवटचं'. आणि त्यानंतर नुसतंच 'देवा'. हा 'देवा' बदल नेमका काय होता?"

मी घाईघाईने बघितलं. "काका, ते लीप वर्षाचं होतं."

"अच्छा. मग बरोबर आहे," काका म्हणाले. "आणखी एक. एके ठिकाणी लिहिलंय, 'हा कोड कोणत्या गाढवाने लिहिलाय?' सहकाऱ्याविषयी अशी भाषा तुमच्याकडे चालते?"

मेले! मनातल्या मनात निलेशला लाथा घातल्या.

"त्याच्या पुढची ओळ वाचलीत का तुम्ही?" काकांनी विचारलं.

"नाही."

"'गाढव मीच. सॉरी.'"

मला हसू आवरेना, पण फोनवर काकांचा आवाज गंभीर. "आमच्या कंपनीत ती पहिली ओळ मी रोज ऐकली. दुसरी कधी ऐकली नाही," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी निलेशला शब्दन् शब्द सांगितला. तो म्हणाला, "हे चांगलं की वाईट?"

"मला काय माहीत! माझं लग्न ठरताना फक्त पोळ्या गोल येतात का विचारलेलं."

*

आता हा ऐका. प्लगिनचं नवं व्हर्जन थेट लोकांच्या वेबसाइटवर सोडत नाहीत. आधी एका खोट्या वेबसाइटवर चालवून बघतात, ती म्हणजे स्टेजिंग. तिथे नीट चाललं की मग खऱ्या वेबसाइटवर, म्हणजे लाइव्ह. नवीन माणसांना हे कळत नाही म्हणून शेखरदादाने मराठी नावं ठेवली होती. स्टेजिंग म्हणजे साखरपुडा, लाइव्ह म्हणजे लग्न. "साखरपुडा मोडता येतो, लग्न मोडलं की बोंबाबोंब," असं त्याचं लॉजिक. आणि ऑफिसचा एक कडक नियम, शुक्रवारी लग्न नाही. बिघडलं तर शनिवार-रविवार गेला.

एका दुपारी काका न कळवता आले. हातात कापडी पिशवी. मी आत चहा गाळत होते. निलेशची दाराकडे पाठ, कानावर हेडफोन, ठाण्याच्या एका क्लासवाल्या सरांशी त्यांच्या नव्या वेबसाइटबद्दल बोलणं चाललेलं. आणि हेडफोन घातला की माणूस गावाला ऐकू जाईल असा बोलतो.

"नाही हो सर, साखरपुड्याचं टेन्शन घेऊ नका! तो मी उडवून टाकतो. हो, सगळाच. फार घाण करून ठेवलीय तिथे... अहो, मी रोज एक साखरपुडा करतो, त्यात काय एवढं!... काय? शुक्रवारी लग्न? वेडे आहात का? शुक्रवारी लग्न करायचं आणि शनिवार-रविवार निस्तरत बसायचं?... आणि नाहीच झेपली नवी, तर जुनीला परत आणू की! जुनी आहे ना बॅकअपला!"

मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि दारात काका! सगळं ऐकलेलं त्यांनी. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, म्हणाले, "रुचाच्या आईने करंज्या दिल्या आहेत," आणि वळून जिना उतरायला लागले.

निलेशने हेडफोन काढला. "कोण आलेलं?"

"तुझे सासरे! होते आत्तापर्यंत!"

अनवाणी धावला हो तो. पोळीभाजीच्या रांगेत काकांना गाठलं. काय सांगितलं देव जाणे, रांगेतल्या बायकांनी मात्र सगळं ऐकलं, कारण नंतर आठवडाभर खालच्या ताई मला विचारत होत्या, "त्या मुलाची जुनी कोण हो?"

बऱ्याच वेळाने दोघं वर आले. काका बसले, चष्मा पुसला, गार झालेला चहा प्यायले आणि म्हणाले, "कुठे करता साखरपुडा ते दाखवा."

निलेशने दाखवलं. काकांनी हे का, ते का, इथे बिघडलं तर तिथे का बिघडत नाही, असं इतकं विचारलं की शेखरदादा खुर्ची घेऊन ऐकायला बसला. उठताना काका म्हणाले, "पद्धत उत्तम आहे. नावं बदला. लग्नाच्या आधी लक्षात आलं हे बरं झालं."

ते गेल्यावर आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. यातलं लग्न कुठलं, ते विचारायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

*

काकांचा पुढचा प्रश्न, "हूक म्हणजे काय?" प्लगिन वेबसाइटला जिथे अडकवतात ती जागा म्हणजे हूक. निलेशने फळ्यावर काढून दाखवलं, काकांना पटेना. शेवटी तो म्हणाला, "काका, रविवारी आमच्याकडे या."

खाडीवर गेलो. हो, मीही गेलेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसून मला चैन पडली असती का?

निलेशचे वडील होडीत जाळं आवरत होते. पाण्यात खुंट रोवलेले दिसत होते. निलेश म्हणाला, "काका, भरती-ओहोटी आपल्यासाठी थांबत नाही. पाणी येतं, जातं. आम्ही पाणी अडवत नाही. हे खुंट आहेत, त्यांना जाळं बांधून ठेवायचं. पाणी आपल्या वाटेने जातं, जाता जाता आपलं काम होतं. वेबसाइट हे पाणी. ती चालूच असते. तिच्या वाटेवर खुंट ठेवलेले असतात, ते हूक. आपण तिथे आपलं जाळं बांधायचं, ते प्लगिन."

काकांचा चेहरा असा उजळला! म्हणाले, "कळलं! आणि जाळं काढून नेलं तर?"

"नेलं तर नेलं. पाण्याला पत्ताही लागत नाही."

"मग एक सांगा. परवा मी मंडळाच्या वेबसाइटवरून तुमचं प्लगिन काढून टाकलं..."

निलेशचा रंगच उडाला. "काढून टाकलं?"

"टाकलं. आणि बघतो तर तुमच्या जाळ्याचे तुकडे, दोऱ्या, सगळा पसारा आत तसाच. जुन्या तारखा, जुनी नावं. हे कोणी आवरायचं?"

निलेश पसाऱ्यावर अडकलाच नव्हता, तो 'काढून टाकलं' वर अडकला होता. शेवटी मीच विचारलं, "काका, पण का काढलंत?"

"काढल्याशिवाय कसं कळणार? येताना सगळेच नीट येतात. जाताना कसे जातात ते तपासायचं असतं."

निलेशचे वडील सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते. होडीतून त्यांचा आवाज आला, "बराबर हाय!"

*

काकांनी प्लगिन पुन्हा बसवलं. निलेश कामाला लागला. पसारा आवरणारं व्हर्जन केलं, तर काकांचा नवा प्रश्न. तो सोडवला, तर आणखी एक. एकतीस फेब्रुवारी टाकली तर काय होतं? कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच संपला तर? असे आठवडेच्या आठवडे चाललेले. मधेच निलेशच्या आईनेही एकदा विचारलं, "बाला, यो मानूस तुला पोरगी देतंय का नोकरी?"

डबे खाताना त्याने हे सांगितलं आणि आम्ही खो खो हसलो. हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "ताई, ते नाहीच म्हणतायत. हो म्हणायचं असतं तर इतके प्रश्न कशाला? मी दमून स्वतःच सोडून द्यावं, अशी वाट बघतायत." डबा तसाच बंद केला त्याने. आईने त्याच्या आवडीचा सुका जवळा केलेला, त्याला हातही लावला नव्हता.

माझं टाळकं फिरलं. जिन्यात जाऊन सरळ फोन लावला. "काका, स्पष्ट विचारते. जात आडवी येते का? येत असेल तर तसं सांगून टाका. पोराचा जीव टांगणीला लावून त्याच्याकडून कॅलेंडर दुरुस्त करून घेऊ नका!"

काकांनी विचारलं, "माधवीताई, तुम्ही निलेशच्या कोण?"

"सपोर्ट!" मी म्हटलं.

"प्रश्न नोंदवून घेतला आहे," काका म्हणाले, आणि फोन बंद.

आत येऊन शेखरदादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "संपलं! त्याच्या लग्नाची वाट तू लावलीस." दिवसभर मी निलेशच्या नजरेला नजर दिली नाही. रात्री जेवणही गोड लागलं नाही.

*

आणि आता शेवटचा.

प्लगिन जिथून लोक घेतात तिथे प्रत्येक प्लगिनचं एक पान असतं. वापरणारे तिथे पाचपैकी तारे देतात आणि अभिप्राय लिहितात. सगळ्या जगाला दिसतो. आमचा नियम असा, की कोणीही काहीही लिहो, त्याखाली सपोर्टने म्हणजे मी उत्तर द्यायचं.

त्या फोननंतर काकांकडून काहीच आलं नव्हतं. ईमेल नाही, प्रश्न नाही. प्रश्नांनी वैतागलेला निलेश आता प्रश्न येत नाहीत म्हणून दर थोड्या वेळाने इनबॉक्स उघडत होता. अशात एका सकाळी मी आमचं पान उघडलं, तर नवीन अभिप्राय. मराठीत. तीन तारे.

मी वाचायला लागले आणि माझा आवाज आपोआप मोठा झाला.

"अक्षरे बारीक आहेत. महिना छापताना रविवार कापला जातो. काढून टाकल्यावर आता पसारा राहत नाही. अनेक महिने मी अनेक प्रश्न विचारले, काही मुद्दाम मूर्खपणाचे. एकाही प्रश्नाला 'काका, तुम्हाला नाही कळणार' असे उत्तर आले नाही. माझ्या स्वतःच्या घरातही ही सोय नाही. मलाही एक प्रश्न विचारण्यात आला, जात आडवी येते का. रागाने विचारला, पण रास्त होता. दोन दिवस स्वतःला तपासून उत्तर देत आहे. येत नाही. मला खरोखरच समजून घ्यायचे होते. एकुलती एक मुलगी आहे. प्लगिनमध्ये अजून काम बाकी आहे. मुलगा पास."

निलेश माझ्या मागे येऊन उभा राहिलेला. त्याने स्क्रीनवर बोट ठेवून स्वतः परत वाचलं आणि म्हणाला, "रविवार कापला जातो?"

"अरे गधड्या, शेवटची ओळ वाच!" मी ओरडले.

मग तो रडला. सरळ टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. स्नेहल त्याच्या पाठीवर गुद्दे मारत होती आणि तीही रडत होती. मी तर काय, माझा पदर केव्हाच ओला झालेला. शेखरदादा खाली गेला आणि पोळीभाजी केंद्रातलं होतं नव्हतं तेवढं श्रीखंड उचलून घेऊन आला.

मी उत्तर लिहायला घेतलं, तर निलेश म्हणाला, "आज मी लिहितो." 'धन्यवाद काका' असं लिहिलं. बराच वेळ बघत बसला. मग 'काका' खोडलं, 'बाबा' लिहिलं आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्याच अभिप्रायाखाली एका परदेशी माणसाचा प्रश्न. नाव वाचता येईना, देश कुठला तेही कळेना. त्याने मराठी अभिप्राय मशिनकडून इंग्रजीत करून वाचला होता. त्याचं म्हणणं असं, "नवीन व्हर्जनमध्ये 'बॉय पास' नावाचं फीचर आल्याचं वाचलं. मी अपडेट केलं, सगळ्या सेटिंग शोधल्या. सापडत नाही. कुठे आहे?"

काय उत्तर द्यावं म्हणून मी तिघांना गोळा केलं. आमचं काही ठरेपर्यंत त्याखाली उत्तर येऊनही पडलं होतं. दातारकाकांचं. इंग्रजीत.

"डिअर सर, सिंगल लायसन्स ओन्ली. ऑलरेडी इश्यूड इन डोंबिवली."